सातवी भट्टी

माझे वडील, लेउनिस डीलेमन,
एकतीस वर्षं भट्टीच्या झरोक्याला डोळा लावून होते.
निळा जाळ चांगला. पिवळा आळशी.
नळी लाल असू दे, पांढरी होता कामा नये.
आत नाफ्था फुटायचा, साडेआठशे अंशांवर,
वाफेच्या संगतीनं, पापणी लवायच्या आत.
पुढे त्याच्या बादल्या व्हायच्या, पाइप व्हायचे,
दवाखान्यातल्या सलाइनच्या पिशव्या व्हायच्या.
वडिलांच्या भुवया मात्र कधी नीट उगवल्या नाहीत.

आमचं घर बांधामागे, खाडीच्या पाण्याहून खाली.
झेलंडमध्ये याचं कुणाला नवल नाही.
काका मारिनस बांधाच्या खात्यात.
दर काही वर्षांनी वरून कागद यायचा:
अजून तीस सेंटिमीटर.
एक भाऊ धूर सोडायचा, दुसरा माती चढवायचा,
आणि रविवारी दोघं एकाच पातेल्यातले शिंपले खायचे,
रिकाम्या कवचांचा ढीग मधोमध.
या दोन कामांचं नातं
त्या टेबलावर कधी निघालं नाही.
आईनं एकदा काढलं होतं.
मग तीच उठून कॉफी करायला गेली.

रात्री फ्लेअर पेटली की
माझ्या खोलीच्या भिंतीवर केशरी उजेड हलायचा.
त्या उजेडात मी पाढे पाठ केले,
कुणाचं तरी पहिलं पत्र वाचलं, वाचून फाडलं.
आई पडदा सारून बघायची,
"आज तिकडे काहीतरी बिनसलंय," म्हणायची,
आणि त्यांचं ताट झाकून ठेवायची.

सातांतली सातवी भट्टी आता विजेची.
ती माझ्याकडे आहे.
झरोका आहे, पण आत जाळ नाही.
नळ्यांभोवती तारांची वेटोळी तापतात, मुकाट्यानं.
मी पडद्यावरचे आकडे बघते.
वारा पडला की विजेचा भाव चढतो,
भाव चढला की आम्ही हिला मंद करतो,
आणि एखाद्या निवांत, धुकट रात्री
तारेतून येणारी वीजसुद्धा
कुठल्यातरी गॅसच्या जाळावर शिजलेली असते.
हे मी लपवत नाही.
पाहुण्यांच्या हातात हेल्मेट देताना आधी हेच सांगते.
बाकी सहा भट्ट्या अजून जळतात.
त्यांचा वायू पकडून समुद्राच्या तळाखाली पुरायचा,
असा नकाशा उपाहारगृहात लावलाय.
तारीख दोनदा खोडलेली.

मार्चमध्ये वडिलांसाठी पास काढला.
ऐंशीला टेकलेत. बूट त्यांनी स्वतःचेच आणले, जुने.
सवयीनं झरोक्याशी वाकले.
खूप वेळ तसेच.
मला वाटलं, म्हणतील, ही कसली भट्टी.
किंवा म्हणतील, बरं झालं बाई.
त्यांनी विचारलं, "हिचा आवाज कुठाय?"
आवाज नाही, बाबा.
"मग बिघडली तर तुला कळणार कसं?"
मी पडद्याकडे बोट केलं.
ते माझ्याकडे बघत राहिले, पडद्याकडे नाही.
"भुवया तरी राहतील तुझ्या," म्हणाले.

परतताना बांधापाशी गाडी थांबवायला लावली.
मारिनस जाऊन सहा वर्षं झाली,
त्याच्या मातीवर मेंढ्या चरत होत्या.
पलीकडे भरती. एक टँकर उजवीकडून
आमच्या छपरांच्या वरून गेल्यासारखा जात होता.
वडील पायऱ्या मोजत चढले, मोठ्यानं,
जसे पूर्वी मीटर वाचायचे.
एकोणतीसला थांबले.
"मी पोर होतो तेव्हा इथं संपायच्या."
अजून पंधरा होत्या.
तेवढ्यांसाठी त्यांनी माझा हात धरला.